‘इथे सगळं छान आहे’ म्हणजे काय काय?

या वेळचं पत्र जरा मोठं आहे. नाव-गाव ओळखू येईल असा मजकूर काढून, थोडं आटोपशीर करून देते.

‘ताई, मी बार्शीची. पुण्यात मेकॅनिकल केलं, दोन वर्षं चाकणला नोकरी केली आणि आता मास्टर्ससाठी जर्मनीत माग्डेबुर्गला आलेय. तीन आठवडे झाले. पहिल्या लेक्चरला नऊच्या ठोक्याला पोचले तर हॉल रिकामा. वाटलं, इमारत चुकली. बाथरूममध्ये जाऊन रडले. नंतर कळलं की इथे नऊ म्हणजे सव्वानऊ. लेक्चर संपल्यावर पोरांनी बाकं ठोकायला सुरुवात केली, तर मला वाटलं सरांची हुर्यो चाललीय. ती म्हणे टाळ्यांची पद्धत! किचन तिघींत एक आहे. दुसऱ्या आठवड्यात फ्रिजवर चिठ्ठी लागली. फोनवर भाषांतर करून वाचली: “स्वयंपाक करताना कृपया खिडकी उघडा! कचरा वेगळा करा!!” त्या दिवसापासून मी फोडणी केलेली नाही. ब्रेड-जॅम खाते. पत्त्याच्या नोंदणीची तारीख मिळालीय ती पुढच्या महिन्यातली. तोपर्यंत बँक खातं नाही, आणि खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले आणि दरमहा हप्त्याने सुटणारे, माझेच पैसे मला मिळत नाहीत. सहाशे युरो आणले होते, दोनशे चाळीस उरलेत. रविवारी तर सगळं बंद, मी खिडकीत बसून असते. आई रोज संध्याकाळी फोन करते, “जेवलीस का?” मी म्हणते, “हो, पोळी-भाजी.” अप्पा एसटीत वाहक होते. त्यांनी पीएफ मोडला, घरावर कर्ज काढलं. त्यांना काय सांगू? सगळे म्हणतात पहिला महिना हनिमूनसारखा असतो, त्रास नंतर होतो. मग माझंच असं का? परत यावं का? दिवाळी तोंडावर आलीय.’

अगं, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, पण शेवटीच. आधी तो हनिमून निकालात काढू.

या कल्पनेचा उगम १९५५ सालचा. लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या एका समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत शिकून परतलेल्या दोनशेच्या वर नॉर्वेजियन लोकांना विचारून एक आलेख मांडला: सुरुवातीला मजा, मग घसरण, मग पुन्हा चढ. इंग्रजी यू अक्षरासारखा. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला हा यू ऐकवला जातो. पण तो सगळा आठवणींवर बेतलेला. पुढे १९९८ साली न्यूझीलंडमध्ये शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना पोचल्या पोचल्या विचारलं होतं आणि नंतरही अधूनमधून विचारत राहिले. त्यात निघालं की सगळ्यात वाईट काळ पहिल्या दिवसांचाच. म्हणजे तू कुठलाही नियम मोडलेला नाहीस. विमानतळावरचे हसरे फोटो टाकणाऱ्या तुझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचंही हेच चाललं असणार. फक्त त्यांनी मला पत्र लिहिलेलं नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात घरच्या आठवणीपेक्षा मला दुसरंच जास्त दिसलं. तू चाकणला काम केलेली मुलगी. पुण्यात खोली शोधलीस, एजंटशी भांडलीस, रात्रपाळीच्या बसची वेळ तुला पाठ होती. आणि आज तुला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा हे माहीत नाही. दुकानात बाई काहीतरी विचारते आणि तू अंदाजाने मान हलवतेस. लेक्चर किती वाजता सुरू होतं इथपासून शिकायचं. पंचविशीच्या माणसाला पुन्हा पहिलीत बसवलं की रडू येणारच. पहिलीतल्या पोरालाही येतं, पण त्याला निदान हात धरून शाळेत सोडायला कोणी असतं.

हे दुखणं समजावणीने बरं होत नाही. एकेक गोष्ट यायला लागली की ते उतरतं. म्हणून मी तुला धीर कमी देणार आहे आणि माहिती जास्त.

त्या चिठ्ठीपासून सुरुवात करू, कारण खरी जखम ती आहे. तिने तुझं जेवण बंद पाडलं.

मी १९९६ मध्ये जर्मनीत राहायला गेले, पश्चिमेकडच्या रुर भागातल्या एका छोट्या गावात. पहिल्याच रविवारी घर आवरलं आणि रिकाम्या बरण्या घेऊन कोपऱ्यावरच्या काचेच्या डब्याकडे गेले. पांढरी काच, हिरवी काच, तपकिरी काच, तीन वेगळी भोकं. मी अगदी शहाण्यासारखी रंग बघून एकेक बरणी आत सोडत होते. दुसऱ्या बरणीच्या आवाजाबरोबर समोरची खिडकी उघडली आणि एका आजीबाईंनी मला असं झापलं की शब्द एक कळला नाही, पण माझे कान लाल झाले. डब्यावर लिहिलेलंच होतं म्हणे: रविवारी काच टाकायची नाही, खळ्ळकन आवाज होतो, लोकांची शांतता मोडते. मी उरलेल्या बरण्या छातीशी धरून घरी आले आणि ठरवलं, या देशात लोकांना आपण नको आहोत. बुधवारी त्याच आजी बेकरीत भेटल्या. हसून ‘मॉर्गेन’, म्हणजे सुप्रभात, म्हणाल्या. त्यांच्या लेखी विषय रविवारीच संपला होता, मी मात्र तीन रात्री तो चघळत बसले होते.

आपल्याकडे शेजारीण थेट असं काही बोलली तर त्याचा अर्थ संबंध तुटायला आला असा असतो. आधी ती आडून सुचवते, मग दुसरीकरवी निरोप पाठवते. तिथे चिठ्ठी ही पहिली पायरी असते, आणि बहुधा शेवटचीही. उद्गारचिन्हांचं तर विचारूच नकोस. ती लोकं ‘शुभेच्छा’पुढेही दोन देतात. तुझ्या चिठ्ठीत ‘कृपया’ आहे, खिडकी आहे आणि कचरा आहे. तुझं नाव नाही, तुझ्या देशाचं नाव नाही. ती चिठ्ठी तुझ्याबद्दल नव्हती, खिडकीबद्दल होती.

मात्र उद्या कोणी ‘तुमच्या जेवणाची घाण येते’ असं म्हणालं, तर ती खिडकीची गोष्ट राहत नाही. तिथे ‘असतं त्यांचं तसं’ म्हणून गिळायचं नाही. सरळ सांगायचं, हे बोलणं मला चाललं नाही. आणि पुन्हा झालं तर वसतिगृहाच्या कार्यालयात लेखी कळवायचं. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नकोस. नाहीतर निष्कारण रडशील, आणि जिथे उभं राहायला हवं तिथे गप्प बसशील.

आता फोडणी. ती करायचीच. तुझ्याकडे बहुतेक विजेची शेगडी असणार, काळ्या काचेची नाहीतर लोखंडी चकत्यांची. ती तापते हळू आणि बंद केली तरी धगधगत राहते. गॅसच्या सवयीने आपण मोहरी तडतडली की बटण बंद करतो आणि निश्चिंत होतो. इथे तेवढ्यात जिरं काळं, मिरची जळकी आणि तिघींना ठसका. मोहरी तडतडली की भांडं उचलून बाजूच्या थंड चकतीवर ठेवायचं, हिंग-हळद तिथे घालायची, झाकण लगेच. खिडकी नुसती वरून कलती करायची नाही, पूर्ण उघडायची, थंडी असली तरी दहा मिनिटं. आणि किचनचं दार बंद. हे महत्त्वाचं, कारण पॅसेजमध्ये छताला धुराचा अलार्म असतो, त्याला वाळल्या मिरचीचा धूर आणि आग यांतला फरक कळत नाही.

कचऱ्याचं एकदाच पाठ कर: पिवळ्यात प्लॅस्टिक आणि डबे-पाकिटांचं वेष्टन, निळ्यात कागद, तपकिरीत भाजीची सालं, काळ्यात उरलेलं सगळं. काच बाहेर, आणि रविवारी नाही, हे आता तुला माहीत आहे. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या मात्र टाकू नकोस. त्यांच्यावर पंचवीस सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या दाराजवळच्या यंत्रात घातल्या की पावती मिळते. दोनशे चाळीस युरोंत दिवस काढायचेत तर ते पंचवीस सेंटही मोज. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली घेण्याचं कारणच नाही.

चिठ्ठीला उत्तर लिही. तिथेच, त्याच कागदाखाली: ‘समजलं, सांगितल्याबद्दल धन्यवाद. शनिवारी डाळ-भात करतेय, खिडकी उघडी ठेवून. येता का?’ येतील न येतील. पण फ्रिजवरचा शेवटचा शब्द तुझा राहील.

आणि तू सोलापूर जिल्ह्यातली असून ब्रेड-जॅम खातेस, याचं मला फार वाईट वाटलं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी याहून प्रवासाला टिकाऊ जेवण आपल्या लोकांनी केलेलं नाही. बॅगेत असणारच, आईने दिलीच असेल. तिथलं साधं दही चांगलं घट्ट असतं. भाकरी मोडून दह्यात टाक, वर चटणी, कच्चं तेल. शेगडीही नको, खिडकीही नको. तूप मात्र भारतातून आणता येत नाही, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात सामानातून न्यायला बंदी आहे. त्याचं दुःख करू नकोस. बिनमिठाच्या लोण्याची अडीचशे ग्रॅमची वडी घे, मंद आचेवर कढव. दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. त्या वासावर कोणी चिठ्ठी लावल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आता कागद आणि पैसे. हे कंटाळवाणं आहे, भरभर सांगते.

पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असा कायदा आहे. पण तारखाच मिळत नाहीत ही तिथली नेहमीची रड. तुला तारीख मिळाल्याची जी ईमेल आली, ती छापून फाइलमध्ये ठेव, म्हणजे तू वेळेत खटपट केलीस हे दिसेल. अनेक शहरांत रद्द झालेल्या तारखा सकाळी लवकर संकेतस्थळावर दिसतात, तेव्हा रोज चहाबरोबर एकदा बघत जा. नोंदणीला पासपोर्ट आणि घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. वसतिगृह असेल तर ते पत्र कार्यालयातून मिळतं, आत्ताच घेऊन ठेव.

खात्यासाठी एकाच बँकेच्या दारात बसू नकोस. काही बँका नोंदणीचा कागद आधी मागतात, काही पासपोर्टवर काम चालवतात आणि ओळख व्हिडिओवरून पटवून घेतात. ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना आजच ईमेल कर: पहिला हप्ता सोडायला नेमकं काय काय हवं? पुष्कळदा आपण ऐकीव माहितीवर थांबून राहतो. पुढेही महिन्याला ९९२ युरोच हातात येतात, वर्षाचे ११,९०४ बारा भागांत. त्यातून विद्यार्थ्यांचा आरोग्यविमा दीडशेच्या घरात, मग भाडं. उरलेल्यात नीट भागतं, पण पहिल्या महिन्यात हीटर, चादरी, भांडी असा खर्च येतो आणि पोटात गोळा येतो. तो दरमहा येत नाही, हे लक्षात ठेव. नोंदणी झाली की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, घरटी महिना १८.३६ युरो. फसवणूक समजून फाडू नकोस, आणि तुमचं सामायिक घर असेल तर एकीने भरून तिघींनी वाटून घ्यायची असते, हेही विचारून घे. व्हिसावरची शेवटची तारीख कपाटाच्या दारावर लिही. राहण्याच्या परवान्याचा अर्ज त्याआधी गेलाच पाहिजे.

पैशाच्या धास्तीने गोदामातली रात्रपाळी धरू नकोस. कायद्याने वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, ते खरं. पण पहिल्या सत्रात नको. हे माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही. विद्यापीठातच साहाय्यकाची कामं असतात, ‘हिवी’ म्हणतात त्याला. तुझा दोन वर्षांचा शॉप फ्लोअरचा अनुभव तिथल्या एखाद्या प्रयोगशाळेला नक्की उपयोगी पडेल. मार्चपासून त्याच्या मागे लाग.

अभ्यासाकडे वळू. नऊचे सव्वानऊ तुला कळले. वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी.टी.’ असेल तर पंधरा मिनिटं उशिरा, ‘एस.टी.’ असेल तर ठोक्याला. अप्पांना सांग, जर्मनीत एस.टी. वेळेवर सुटते. ते हसतील.

पण याहून मोठा खड्डा पुढे आहे, तो आत्ताच दाखवते. आपल्याकडे प्रवेश घेतला की परीक्षेला नाव आपोआप असतं. तिथे बहुतेक ठिकाणी प्रत्येक विषयाच्या परीक्षेसाठी वेगळी नावनोंदणी करावी लागते आणि तिची मुदत असते. ती चुकली की चांगला अभ्यास केलेली पोरं सहा महिने हात चोळत बसतात. तुझ्या विभागाच्या परीक्षा कार्यालयाचं पान आज उघड, तारीख लिहून घे. आणि वर्गात प्रश्न विचार. इरावतीबाई कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या, तेव्हा कवट्यांच्या ठेवणीवरून गोरे श्रेष्ठ ठरवू पाहणारं त्यांच्या मार्गदर्शकाचं गृहीतक मोजमापांत टिकत नाही, असं त्यांनी प्रबंधात लिहिलं. तुला एवढं करायचं नाहीये. स्लाइड नंबर चौदा कळली नाही, एवढंच म्हणायचंय. (आनंदीबाईंचं उदाहरण मुद्दाम देत नाही. निरोपसमारंभात ते तुला तीनदा मिळालं असणार.)

आता रविवार. दुकानं कायद्यानेच बंद असतात, तेव्हा शनिवारी दूध-ब्रेड-भाजी आणून ठेवणं हे पहिलं. ते राहिलं तर रेल्वे स्टेशनातलं एखादं दुकान उघडं असतं, महाग असतं. शनिवारच्या बिलाच्या रांगेत सामान तुझ्यापुढे सरसर फेकल्यासारखं येईल. तिथेच पिशवीत भरत बसू नकोस, तसंच ट्रॉलीत ढकल आणि मागच्या फळीवर निवांत भर. हे एवढं कळल्यावर मला स्वतःला एक पदवी मिळाल्यासारखं झालं होतं.

दुसरं म्हणजे खिडकीतून ऊठ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं तासभर मागे जातात. भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं, आणि अंधार एकदम पाचच्या आत खोलीत शिरतो. डिसेंबरात तर चारच्या सुमारास. तिथे उजेड हा पैशासारखा जपून खर्च करायचा असतो. दुपारी बाराला बाहेर पड, पाऊस असला तरी. एल्बे नदीच्या काठाने कॅथीड्रलपर्यंत चालत जा. त्याचं बांधकाम १२०९ साली सुरू झालं, म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादवांचं राज्य होतं तेव्हा. आणि तू मेकॅनिकलची आहेस, तर ओटो फॉन गेरिके तुला माहीतच आहे: तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंनी घोडे जुंपले तरी ते सुटेनात, तो प्रयोग. पुस्तकात ‘माग्डेबुर्ग अर्धगोल’ म्हणून चित्र होतं बघ, तेच हे गाव. हा गृहस्थ सतराव्या शतकात तिथला नगराध्यक्ष होता. बार्शीच्या कुठल्या नगराध्यक्षाने फावल्या वेळात निर्वातावर प्रयोग केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पुढच्या फोनला अप्पांना विचार.

माणसांचं म्हणशील तर आपल्या लोकांत राहावं की राहू नये, यावर लोक उगाच वाद घालतात. राहावं. आजारी पडलीस तर मुगाची खिचडी तेच आणणार आहेत. फक्त आठवड्यातला एक ठरलेला तास असा ठेव की जिथे मराठी-हिंदी चालणार नाही. विद्यापीठाच्या खेळांच्या वर्गात नाव घाल, ते स्वस्त असतात आणि बॅडमिंटनला व्याकरण लागत नाही. जर्मनचा वर्ग लाव. तुझा अभ्यासक्रम इंग्रजीत असेल, पण पाववाली, ट्रामचा तिकीट तपासनीस आणि डॉक्टरकडची रिसेप्शनिस्ट यांचा अभ्यासक्रम जर्मनमध्येच आहे.

आणि आता आईचा फोन.

मी गेले तेव्हा बूथमध्ये कार्ड घालून बोलायचं, तीन मिनिटांत निम्मं कार्ड संपायचं. म्हणून पत्रं. मी दर आठवड्याला लिहायची, ‘इथे सगळं छान आहे, काळजी करू नका.’ चौथ्या पत्राला आईचं उत्तर आलं. माझी आई सातवी शिकलेली, अक्षर मोठं मोठं. तिने लिहिलं होतं: ‘सगळं छान आहे हे कळलं. आता काय काय छान आहे ते लिही. आणि काय नाही तेही.’ बाकी पत्रात दुसरं काही नव्हतं, शेजारच्या म्हशीला रेडकू झालं एवढंच.

तिला माझ्या सुखाचा अहवाल नको होता. तिला मी कुठे उभी आहे ते डोळ्यांपुढे आणायचं होतं, आणि ‘छान’ या शब्दात काहीच दिसत नाही. तू ‘पोळी-भाजी’ म्हणतेस तेव्हा तुझी आई काय करत असेल? तुझ्या खोलीत पोळपाट नाही हे तिला माहीत आहे. बॅग तिनेच भरलीय.

सगळं एकदम सांगू नकोस. ‘मला इथे राहवत नाही’ हे वाक्य रात्री साडेनऊला बार्शीत पोचलं तर तिथे कोणी झोपणार नाही, आणि सकाळी तुला बरं वाटत असेल तेव्हाही ते जागेच असतील. पण दर फोनला एक खरी गोष्ट सांग. लहान, आकार असलेली. रिकाम्या हॉलची गोष्ट. बाकं ठोकल्याची. चिठ्ठीचीही सांग, पण उत्तर लिहून झाल्यावर. आईला नुसता प्रश्न हातात देऊ नकोस, काम दे. ‘या शेगडीवर भात खाली लागतो, काय करू?’ असं विचार. तिला साडेसहा हजार किलोमीटरवरून तुझं काहीतरी करता येईल. आत्ता तिला नुसतं ‘जेवलीस का’ एवढंच विचारता येतं, म्हणून ती रोज तेच विचारते.

अप्पांशी पैशाचं वेगळं बोल, आठवड्यातून एकदा, आकड्यांत. त्यांनी आयुष्यभर रोजचा गल्ला मोजून जमा केलाय, आकड्यांनी त्यांना भीती वाटणार नाही, मोघम बोलण्याने वाटेल. शिक्षणकर्जाचे हप्ते बहुतेक बँकांत शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत सुरू होत नाहीत. पण तुझं कर्ज त्या प्रकारचं आहे की घर तारण ठेवून घेतलेलं साधं कर्ज, ते पत्रावरून कळत नाही. दोन्हींचे नियम वेगळे. मंजुरीपत्र मागवून स्वतः वाच. रात्री छातीवर बसतो तो आकडा बरेचदा न वाचलेला असतो.

दिवाळीला फराळाचं पार्सल मागवू नकोस, तुपातलं काही असलं तर ते सीमेवर अडकण्याचीच भीती जास्त. चिवडा कर. पोहे, दाणे, डाळं एशियन दुकानात मिळतं, पोहे नाही मिळाले तर मक्याचे फ्लेक्स. कढीपत्ता महाग असतो, चार पानं घाल. घरमैत्रिणींना वाटी भरून दे. खिडकीत छोट्या मेणबत्त्या लाव, तिथे डिसेंबरात सगळेच लावतात, तू थोडी आधी लावलीस इतकंच.

परत यावं का? ऑक्टोबरात हा निर्णय घ्यायचा नाही. पहिल्या सत्राच्या परीक्षा फेब्रुवारीच्या आसपास होतील. मार्चच्या पंधरा तारखेला, दिवसा, जेवण झाल्यावर, कागद-पेन घेऊन बस आणि विचार कर. तेव्हाही परत यावंसं वाटलं तर ये. त्यात लाज नाही, हे मी बार्शीत येऊन चार लोकांना सांगायला तयार आहे. पण तोवर हा प्रश्न रोज रात्री काढायचा नाही. वर आला तर त्याला मार्चची तारीख सांगायची.

एक अपवाद आहे. आठवडाभर झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, अंथरुणातून उठवत नसेल, तर मार्चची वाट बघू नकोस. विद्यार्थ्यांच्या कल्याणाचं काम करणारी संस्था, ‘श्टुडेन्टनवेर्क’, मानसिक समुपदेशन करते, त्याचे पैसे पडत नाहीत आणि बऱ्याच ठिकाणी ते इंग्रजीत मिळतं. जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर ०८०० १११०१११ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही मोफत आहे, आणि जिवावर बेतलं तर ११२. तुला यातलं काही लागेल असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही. चिडून, तपशिलात लिहिलंयस, ते चांगलं लक्षण आहे. पण नंबर फोनमध्ये टाकून ठेव.

आणि पत्राच्या तळटीपेत तू लिहिलंयस की भारतातून पाठवलेलं एक पाकीट पोचलंच नाही, आणि लेटरबॉक्सवर अजून आधीच्या मुलीचं नाव आहे. अगं, पेटीवर नाव नसेल तर तिथला पोस्टमन टपाल टाकत नाही, परत पाठवतो. तुझ्या बँकेच्या कार्डाचा पिन, विम्याचं कार्ड, कराचा क्रमांक हे सगळं टपालानेच येणार आहे. ब्रेड-जॅमची ताटली ठेव, कागदावर आडनाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिही, वरून पारदर्शक चिकटपट्टी लाव, पावसाने शाई फुटते. खाली जा आणि डकवून ये.